परत आणू नकोस

विटांच्या मातीची जागा विकत घेतली त्या दिवशी थोरलीनं म्हाताऱ्या जमीनमालकाच्या ओट्यावर बसून नोटा मोजल्या, आणि मोजताना बोटाला एकदाही थुंकी लावली नाही. थुंकी लावून मोजणारी माणसं तिला आवडत नसत. ज्यांच्या हाताला पैशाची सवय नाही त्यांना थुंकी लागते, असं तिचं मत होतं. गावातल्या निम्म्या माणसांबद्दल तिचं मत याहून बरं नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल तिला मतच नव्हतं.

"सगळे कशाला देता एकदम?" म्हातारा म्हणाला. "अर्धे आता द्या, अर्धे भट्टी निघाल्यावर. मी कुठं पळतोय, आणि तुम्ही तरी कुठं पळताय? व्याजबीज काही नको मला."

"अर्ध्या जागेवर उभं राहून विटा पाडता येत नाहीत मला," थोरली म्हणाली. "पूर्ण घ्या आणि कागद करा."

तिचा नवरा, थोरला, ओट्याखाली चपला हातात धरून उभा होता. वीस वर्षं विटांच्या साच्यावर वाकून त्याची पाठ वाकलेलीच राहिली होती. त्यामुळे तो कुणाहीसमोर उभा राहिला की गुन्हा कबूल करायला आल्यासारखा दिसे. घरी जाताना अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "कोळशाला काही ठेवायला हवं होतं गं."

"भाजलेल्या आठ हजार विटा रचून पडल्यात. त्या गेल्या की कोळसा."

"गेल्या तर."

"विटा आहेत त्या. नासतायत का?"

तो मान खाली घालून चालू लागला. मान खाली घालणं त्याला चांगलं जमत असे.

गावात तिला रोखठोकबाई म्हणत. म्हणणाऱ्यांना टोमणा मारायचा असे, पण ती तो बिल्ल्यासारखा मिरवी. एकाही दुकानात तिच्या नावाचं पान नव्हतं. पैसे असतील तर मीठ आणायचं, नसतील तर अळणी खायचं, आणि अळणी खाल्लेलं कुणाला कळू द्यायचं नाही. किराणा दुकानात एखादी बाई हळू आवाजात 'मांडून ठेवा' म्हणाली की थोरली दुकानदाराकडं बघून मोठ्यानं म्हणे, "उधारीचं पोतं सव्वा हात रितं." दुकानदार कसनुसं हसे. त्याचं अर्धं दुकान त्या पोत्यावर चालत होतं.

तिच्या दिराचं घर भट्टीच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर होतं. त्याला गाव वायद्या म्हणे. त्याची दोन खेचरांची गाडी होती. माती आणायची, विटा पोचवायच्या, एवढंच त्याचं काम. किराणावाला, पेंडवाला, नालबंद, लाकूड-कोळशाची वखार, सगळीकडं त्याचं देणं होतं, आणि दर बाजाराच्या दिवशी तो त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभा राही. असले तर थोडे देई. नसले तर 'आज नाहीत, पुढच्या बाजारी' असं तोंडावर सांगे, घोटभर पाणी पिई आणि पुढच्या दाराला जाई. थोरलीला सगळ्यात किळस यायची ती याची. कर्ज तर कर्ज, वर दारोदार त्याची मिरवणूक. लाज असलेला माणूस निदान तोंड तरी चुकवतो.

त्याची बायको, धाकटी, एका सकाळी वाटी घेऊन आली. भट्टीवर विटा पाडणारं एक जोडपं होतं. त्यातली बाई बुटकी, म्हणून तिला सगळे ठेंगणी म्हणत. ते दोघं तेव्हा चिखलाचे हात धूत होते.

"जाऊबाई, वाटीभर तेल द्या उसनं. बाजारी परत करते."

थोरलीनं तेल काठोकाठ भरलं. इतकं, की धाकटीला ते सांडू न देता न्यायचं तर पाऊल मोजून टाकावं लागावं. "उसनं म्हणू नको," ती म्हणाली. "उसनं मी कुणाला देत नाही. दिलं समज. परत आणू नकोस."

"आणीन ना मी."

"कशाला? मोजत बसायला मला वेळ नाही."

ठेंगणीनं नवऱ्याकडं पाहिलं आणि नवऱ्यानं पाण्याच्या पिंपाकडं. धाकटी वाटीवर नजर ठेवून अंगण ओलांडून गेली. तिची मान ताठ होती, कारण मान हलवली असती तर तेल सांडलं असतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती तेलाची वाटी घेऊन पुन्हा आली, तेव्हा थोरलीनं ती तिच्यासमोरच विटांच्या साच्यात ओतली आणि चिंधीनं चोळली. "बरं झालं," ती म्हणाली. "साचा चिकटत होता."

धाकटी रिकामी वाटी घेऊन गेली. थोरलीला त्या दिवशी काम करताना अंग हलकं वाटलं. कुणाचं देणं नाही आणि कुणाकडून येणं नाही, याच्यासारखं सुख नाही असं तिला मनापासून वाटे.

त्याच आठवड्यात एक गवंडी आला. त्याला आठही हजार विटा हव्या होत्या, भाव ऐकून त्याचं तोंडही वाकडं झालं नाही. फक्त पैसे महिन्यानं, मालकाकडून हप्ता मिळाला की.

"मग महिन्यानं या," थोरली म्हणाली, "आणि महिन्यानं विटा न्या."

"बाई, भिंत थांबत नाही."

"मीही थांबत नाही."

गवंडी हसला आणि ओढ्यापलीकडच्या भट्टीवर गेला. थोरल्यानं त्याला जाताना पाहिलं आणि साच्यात चिखल जरा जास्तच जोरात आपटला. बायकोवरचा राग काढायला त्याच्याकडं दुसरी जागा नव्हती.

*

पावसाला अजून दीड महिना होता. पण एका दुपारी वारा पडला, अंगाला घाम चिकटून राहू लागला आणि डोंगराच्या मागून ढग वर आले. मैदानात चाळीस हजार कच्च्या विटा उभ्या होत्या. एकेक वीट आधी पायानं तुडवलेली, मग हातानं थापलेली, मग उलटवून, कडेवर उभी करून वाळवलेली. चार महिने मोडलेली कंबर होती ती. भाजली तर वीट, भिजली तर चिखल.

थोरल्यानं एक वीट उचलून नखानं खरवडली. "वाळल्यात. आठ दिवसांत रचून आग लागली पाहिजे."

"लागेल."

"कशानं?"

 कमरेच्या पिशवीत किती आहेत ते तिला न बघता ठाऊक होतं. चार दिवसांची मजुरी निघाली असती, एवढेच. भाजलेल्या आठ हजार विटांना अजून रोखीचं गिऱ्हाईक आलं नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे ती लोकांना वीस वर्षं ऐकवत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली. वखारवाला दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्याचा एक गुडघा धरलेला होता, तो पाय त्यानं लाकडाच्या ओंडक्यावर ठेवला होता. थोरलीला पाहून त्यानं पाय काढला नाही.

"कोळसा हवाय," ती म्हणाली. "पूर्ण भट्टीचा. पैसे विटा निघाल्या की."

वखारवाल्यानं कानात बोट घालून फिरवलं. "पुन्हा सांगा. नीट ऐकू आलं नाही."

आलं होतं. तिनं तरी पुन्हा सांगितलं. मागं लाकूड फोडणारे दोघं थांबले.

"तुमचं नाव माझ्या वहीत नाही," तो म्हणाला.

"नाहीच. कुणाचं एका पैशाचं देणं नाही माझ्यावर."

"तेच म्हणतोय मी. ज्याच्यावर देणं असतं तो कसा फेडतो ते मला माहीत असतं. कोण बाजारी येतो, कोण मागच्या दारानं जातो, कोण बायकोला पुढं करतो. तुमचं मला काय माहीत? तुम्ही वीस वर्षांत माझ्या दारात किती वेळ उभ्या राहिलात? कोळसा तोलेपर्यंत."

"मी रोख मोजून घेत आले."

"मोजून घेतलात आणि घरी नेऊन परत तोललात. माझ्या कानावर आलं होतं." त्यानं आता पाय खाली घेतला. "उधार देणारा आणि घेणारा एकाच खाटेवरचे ढेकूण, असंही म्हणाला होतात. दुकानात. मी मागंच उभा होतो बाई."

लाकूड फोडणाऱ्यांपैकी एकजण खोकला. थोरलीला खोकल्यातलं हसू ऐकू आलं. तिचे कान तापले. तिला वाटलं होतं, नकार मिळाला तर तो पैशासाठी मिळेल. हा नकार तिच्यासाठी होता.

"जामीन आणा कुणीतरी," वखारवाला म्हणाला. "ज्याला मी ओळखतो असा."

घरी येताना तिनं गावातली माणसं मनात एकेक उभी केली आणि एकेक खाली बसवली. ह्याला तिनं चारचौघांत कंगाल म्हटलं होतं. त्याच्या लग्नाच्या कर्जावर ती हसली होती. तिसऱ्यानं एकदा दोन दिवसांसाठी पैसे मागितले तेव्हा तिनं त्याला पैशांऐवजी उपदेश दिला होता. वाटेच्या शेवटापर्यंत कुणी उभं राहिलं नाही. तरीही तिला स्वतःचं काही चुकलंय असं वाटलं नाही. गावच नादान होतं.

भट्टीवर ठेंगणी आणि तिचा नवरा कामावर उभे होते. थोरलीनं त्यांना कच्च्या विटा रचायला सांगितलं. मजुरी भट्टी निघाल्यावर, म्हणजे आगपेटीपुरते तरी पैसे हातात राहतील.

ठेंगणीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि झटकलं. थंडीत तिची मुलगी तापानं फणफणली होती, तेव्हा तिनं आठ दिवसांची मजुरी उचल म्हणून मागितली होती. थोरलीनं दिली नव्हती. उचल दिली की हात ढिले पडतात, असं सांगितलं होतं.

"बाई," ठेंगणी म्हणाली, "मजुरी मागं राहिली की आमचे हात ढिले पडतात."

ती फडकं पुन्हा बांधत बांधत नवऱ्याबरोबर ओढ्याकडं चालू लागली. पलीकडचा भट्टीवाला उचल देत होता. थोरली पाठमोऱ्या त्या दोघांकडं बघत राहिली. एवढीशी बाई, विटेएवढी, आणि बोलते कशी.

*

वायद्याला बोलावलं ते थोरल्यानं. तिला न विचारता. वीस वर्षांत त्यानं तिला न विचारता केलेली ही बहुधा पहिली गोष्ट होती. तिला कळलं तेव्हा दीर अंगणात पिंपावर बसून पायातला काटा काढत होता.

"चला वहिनी, वखारीत जाऊ."

"तू जाणार? तुलाच तिथं किती द्यायचंय?"

"आहे थोडं. घरावर टाकलेल्या लाकडाचं."

अडला हरी, ती मनात म्हणाली, आणि पुढचं गिळलं. खेचरं अंगणातच उभी होती.

वखारीत तो सरळ आत गेला. वखारवाल्याच्या गुडघ्याची चौकशी केली, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं, कोळशाच्या पोत्यावर बसला. थोरली दारात उन्हात उभी राहिली. तिला कुणी आत या म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती गेली नसती. दोघं हळू बोलत होते. एकदा वखारवाला मोठ्यानं हसला. वायद्यानं दोन बोटं दाखवली. वायदा चाललाय, ती मनात म्हणाली, दुसरं येतंय काय त्याला.

"होईल," बाहेर येऊन तो म्हणाला. "दोन दिवसांनी या म्हणतोय. कोळसा तुमच्या नावावर, जामीन मी."

"तुझा जामीन? आणि तो चालतो त्याला?"

"चालेल दोन दिवसांनी."

दोन दिवसांनी वायद्या गाडी घेऊन आला तेव्हा गाडीला एकच खेचर होतं, लंगडणारं. दांडीची दुसरी बाजू मोकळी होती, तिथं त्यानं दोरी गुंडाळली होती.

"मोठं कुठं गेलं?" थोरलीनं विचारलं.

"दिलं."

"ज्याचं देणं होतं त्यानं सोडून नेलं असेल दावणीचं. एक दिवस हे व्हायचंच होतं."

"तसंच म्हणा," वायद्या म्हणाला, आणि खेचराच्या मानेवरच्या माश्या हाकलल्या.

वखारवाल्यानं वही उघडून कोरं पान तिच्यापुढं सरकवलं. वर तिचं नाव लिहिलेलं होतं. थोरलीला सही येत होती, पण करायची वेळ क्वचित यायची. दुसऱ्याच अक्षराला पेन अडखळलं.

"सावकाश," वखारवाला म्हणाला. "पहिलीच वेळ आहे."

वायद्यानं तिच्या सहीखाली स्वतःची सही एका झटक्यात केली. त्याला सवय होती.

*

रचायला चार माणसं होती. थोरला, थोरली, वायद्या आणि धाकटी. धाकटीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि विटा वाहू लागली. एका खेपेला दहा विटा. दुपारपर्यंत चौघांच्या बोटांची कातडी विटांनी घासून गुळगुळीत झाली. संध्याकाळपर्यंत ती फाटली. थोरला भट्टीच्या आत उभा राहून विटा लावत होता. एक थर विटांचा, मध्ये कोळसा, पुन्हा थर. खाली आगीचे बोळ. कोळशाची काळी भुकटी घामात मिसळून मानेवरून पाठीत उतरत होती, आणि पाठ वाकलेली असल्यानं ती त्याच्या पाठीच्या मधल्या पन्हळीत साचत होती.

दिवस मावळायच्या आधी थोरली कमरेची पिशवी सोडी आणि धाकटीला मजुरी मोजून देई. हातावर नाही, विटेवर ठेवून. "कामाचे पैसे कामाच्या दिवशी," ती म्हणे. धाकटी विटेवरून पैसे उचले. तिनं एकदाही नको म्हटलं नाही आणि एकदाही बरं झालं म्हटलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बोळांत आग लावली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. भट्टीत न मावलेल्या तीन हजार विटा मैदानात होत्या. त्यांच्यावर पोती आणि पत्रे टाकले, तरी त्या डोळ्यांदेखत कडांनी गोल झाल्या, एकमेकींवर रेलल्या आणि बसल्या. थोरली पावसात उभी राहून बघत होती. बाकीच्या सदतीस हजार आतमध्ये होत्या, आणि भट्टीवर पडणारा पाऊस फस्स करून वाफ होऊन वर जात होता. तिला रडू आलं, ते कुणाला दिसलं नाही. पावसाचा तेवढाच उपयोग झाला.

ओढ्यापलीकडच्या भट्टीवाल्यानं आळस केला होता. त्याच्या सगळ्याच भिजल्या. त्यामुळे पंधरा दिवसांनी थोरलीच्या विटा लाल होऊन निघाल्या तेव्हा आजूबाजूला दुसऱ्या विटाच नव्हत्या. तोच गवंडी परत आला, या वेळी रोख घेऊन, आणि तिनं त्याला भाव वाढवून सांगितला. दिला त्यानं. त्याची भिंत अजूनही थांबत नव्हती.

विटा पोचवायचं काम वायद्याकडं होतं. एका खेचरावर तो अर्धीच गाडी भरू शकत होता, चढावर तर तो स्वतः दांडीला खांदा लावी. खेचराच्या बाजूनं खेचर, मोकळ्या बाजूनं तो. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो पैसे घ्यायला आला.

"अर्धी गाडी, अर्धे पैसे," थोरली म्हणाली.

"खेपा दुप्पट होतात वहिनी. एकेका खेपेला वेळ तोच."

"वेळेचे कुठं ठरलेत? गाडीचे ठरलेत. दुसरं खेचर राखलं असतंस तर पूर्ण मिळाले असते."

वायद्यानं तिच्याकडं बघितलं.  मग त्यानं हात पुढं केला, अर्धे पैसे घेतले आणि खेचराला पाणी पाजायला गेला. पुढं सोळा दिवस तो अर्धेच घेत राहिला. थोरला एकदा जेवताना म्हणाला, "त्याला पूर्ण द्यायला हवेत." थोरलीनं त्याच्या ताटात आणखी वाढलं, म्हणजे त्याचं तोंड भरलेलं राहील.

*

शेवटची खेप बाकी होती त्या दिवशी तिनं वखारीत जाऊन पूर्ण पैसे वहीवर ठेवले. ठरल्या मुदतीच्या आठ दिवस आधी. वखारवाल्यानं मोजले. बोटाला थुंकी लावून मोजले, आणि थोरलीनं दुसरीकडं पाहिलं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि पानावर तिरकी रेघ मारली. "सगळे नसते दिलेत तरी चाललं असतं. थोडे ठेवले असते तर येणंजाणं राहिलं असतं."

"मला येणंजाणं नकोय. माझं नाव खोडा एवढंच."

"खोडलं. दिराला मात्र सांगा, त्याचं पान मोकळंच आहे म्हणावं. हवं तेव्हा लाकूड घेऊन जा. खेचर घ्यायचं असेल तर मी पैसेही देईन. तसा माणूस नाही मिळत."

"कसा? सगळ्या गावाचं देणं असलेला?"

 वखारवाल्यानं वही मागं उलटली आणि बोटानं एक पान दाबून धरलं. "त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय?"

"ज्याच्याकडं माझं येणं आहे, त्याला मी जामीन घेत नाही. माझा नेम आहे. म्हटलं, आधी तुझं लाकडाचं मिटव, मग वहिनीसाठी बोल. तर दोन दिवस दे म्हणाला. दुसऱ्या दिवशी मोठं खेचर विकलं आणि सगळे आणून ठेवले. मी म्हटलं, अरे, खेचराचे पैसे सरळ तिलाच दे. तर म्हणाला, त्यात कोळशाचा चौथा हिस्साही येत नाही, तुझ्याकडं आणले तर पूर्ण भट्टी पेटते." वखारवाल्यानं वही मिटली. "हिशोब पक्का आहे त्याचा. गाव उगाच वायद्या म्हणतं."

थोरलीनं खेचराची किंमत विचारली. त्यानं सांगितली. ती दारातच उभी राहून नोटा वेगळ्या काढू लागली. तिला राग आला होता, आणि तो वायद्यावरच आला होता. न सांगता केलंन. न सांगता, म्हणजे नको म्हणायलाही जागा ठेवली नाही. सोळा दिवस अर्धे पैसे घेत राहिला, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्यानं दांडीला लावलेला खांदा आला. दावणीचं सोडून नेलं असेल, हे स्वतःचं बोलणंही आलं. तिनं पावलं उचलली. देऊन टाकायचे आणि मोकळं व्हायचं. वीस वर्षं ती तशीच मोकळी होत आली होती.

दिराच्या अंगणात दोन खुंट्या होत्या. एका खुंटीभोवतीची माती खुरांनी उकरलेली होती, दुसरीभोवती गवताची बारीक पाती उगवली होती. धाकटी उंबऱ्यात बसून पोतं शिवत होती. ती उठली नाही.

"हे घे," थोरली म्हणाली. "खेचराचे. आत्ता कळलं मला वखारीत. पूर्ण आहेत, मोजून घे."

धाकटीनं दाभणातून सुतळी ओढून घेतली, गाठ मारली, दातांनी तोडली. मग नोटांकडं पाहिलं आणि नोटांवरून वर थोरलीकडं.

"कशाचे?"

"सांगितलं ना, खेचराचे. मला कुणाचं उसनं ठेवायचं नाही."

"उसनं म्हणू नका, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "उसनं नव्हतं ते. दिलं समजा. परत आणू नका."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीला भांडता आलं असतं.

"अगं, निदान मोजून तरी घे."

"कशाला? मोजत बसायला मला वेळ नाही."

ती शिवलेलं पोतं झटकून आत गेली. दार तिनं लावलं नाही. आत तिच्या भांड्यांचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. थोरली उंबऱ्याबाहेर नोटा धरून उभी राहिली. नोटा उंबऱ्यावर ठेवून निघून जावं असं तिला वाटलं. पण ठेवलेले पैसे धाकटी उचलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. ते तिथंच पडून राहतील, आणि येणारा-जाणारा विचारेल, कुणाचे.

एवढ्यात गाडीचं चाक वाजलं. वायद्या शेवटची खेप टाकून परतत होता. रिकामी गाडी, लंगडं खेचर आणि त्याच्या बरोबरीनं चालणारा तो. खांद्यावरचा सदरा दांडीनं घासून फाटला होता आणि आतली कातडी विटेसारखी लाल झाली होती.

"वहिनी, इथंच भेटलात, बरं झालं. आजचे तेवढे द्या, म्हणजे पेंडवाल्याकडं जाऊन येतो. वाट बघत असेल."

थोरलीनं हातातल्या नोटांतून पूर्ण गाडीचे पैसे काढून त्याला दिले. त्यानं ते उलगडले, पाहिले आणि बरोबर निम्मे परत तिच्या हातात ठेवले.

"अर्धीच गाडी होती," तो म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, तिची मोजण्यात चूक झाली.

"पूर्ण घे."

"ठरलेत तेवढे द्या ना वहिनी. पुन्हा हिशोब बिघडतो." त्यानं खेचराला खुंटीला बांधलं, तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं, आणि पेंडवाल्याच्या रस्त्याला लागलाही.

परत आलेले पैसे आणि खेचराचे पैसे थोरलीच्या मुठीत एक झाले होते. किती कुठले ते वेगळं करायला ती तिथंच, गवत उगवलेल्या खुंटीपाशी उभी राहून मोजू लागली. दोनदा चुकलं. नोटा घामानं एकमेकींना चिकटल्या होत्या आणि आतून धाकटी बघत होती. तिसऱ्यांदा मोजताना थोरलीनं अंगठा जिभेला लावला.